अर्धस्वयंचलित पिस्तूल : निवडीचे निकष

चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सुटते, रिकामे काडतूस आपोआप बाहेर फेकले जाते आणि मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीत चढते, असे हातात धरून वापरायचे शस्त्र म्हणजे अर्धस्वयंचलित पिस्तूल. पुढची गोळी सोडण्यासाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. ह्यूगो बोरखार्टचे १८९३ चे पिस्तूल, माउझर सी९६ आणि गेओर्ग लुगरचे पिस्तूल हे या वर्गाचे पहिले यशस्वी नमुने. पण आज जगभर दिसणारे रूप बहुतांशी अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग याने घडवले आहे : नळीवरून मागेपुढे सरकणारी पोलादी स्लाइड, मुठीत बसणारे मॅगझिन आणि मागे येताना खाली झुकणारी नळी. सैन्य व पोलीस दले, नेमबाज आणि काही देशांतले परवानाधारक नागरिक अशी पिस्तुले वापरतात. निवडीच्या वेळी प्रत्येकापुढे दोन प्रश्न असतात. पिस्तूल प्रत्येक वेळी चालेल का, आणि ते हातात नीट बसेल का? हे प्रश्न वेगळे मानण्याची पद्धत आहे. यंत्राची रचना पाहिली तर ती फारशी टिकत नाही.

गोळी सुटताच स्लाइड मागे जाते. आकडी रिकामे काडतूस ओढून काढते, उत्क्षेपक ते बाजूला उडवतो आणि घोडा किंवा आघातपिन ताणली जाते. मग दाबलेली स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि जाता जाता मॅगझिनमधले वरचे काडतूस नळीत बसते. हे सगळे सेकंदाच्या एका लहानशा अंशात होते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती काडतुसाच्या धक्क्यातूनच मिळते. स्लाइडला पुरेसे मागे जाता यावे म्हणून पिस्तुलाची चौकट हाताने स्थिर धरलेली असावी लागते. मनगट सैल पडले तर चौकटही स्लाइडबरोबर मागे जाते, स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो आणि काडतूस अडकते. नवशिक्याच्या हातात वारंवार अडकणारे पिस्तूल अनुभवी माणसाच्या हातात सुरळीत चालते, त्याचे नेहमीचे कारण हेच. हाताला न बसणारे पिस्तूल घट्ट धरता येत नाही; म्हणून सोय हा विश्वासार्हतेचाच एक भाग ठरतो.

विश्वासार्हतेची सर्वांत प्रसिद्ध परीक्षा अमेरिकेत मार्च १९११ मध्ये झाली. फिलिपीन्समधील मोरो लढाऊंविरुद्ध .३८ रिव्हॉल्व्हरची गोळी अपुरी पडल्याच्या तक्रारींनंतर अमेरिकी सैन्य .४५ व्यासाचे स्वयंभरण पिस्तूल शोधत होते. अखेरच्या चाचणीत कोल्ट आणि सॅव्हेज ही दोन पिस्तुले उरली. प्रत्येकातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या आणि शस्त्र तापले की ते पाण्यात बुडवून गार केले जाई. सॅव्हेज ३७ वेळा अडखळले. ब्राउनिंगने रचलेले कोल्ट एकदाही नाही. तेच एम१९११ या नावाने स्वीकारले गेले आणि १९८५ पर्यंत सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले.

या गौरवकथेचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. एकदाही न अडखळलेले हे पिस्तूल पहिल्या महायुद्धात अनेक सैनिकांच्या हाताला नीट बसले नाही. लहान पंजाच्या माणसाचे बोट चापापर्यंत जेमतेम पोहोचे, आणि मागे येणारा घोडा अंगठा व तर्जनी यांमधल्या कातडीला चिमटा घेई. १९२० च्या दशकातील एम१९११ए१ या सुधारित आवृत्तीत यंत्रणा जवळजवळ तशीच ठेवली गेली. बदलले ते हाताला लागणारे भाग : चाप आखूड झाला, त्याच्या मागे चौकटीत बोटासाठी खोबणी आल्या, मुठीची पाठ कमानदार झाली आणि कातडीला वाचवणारी शेपटी लांबवली गेली.

मापाची तपासणी साधी आहे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ते मुठीत शक्य तितके वर धरावे. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत राहिला पाहिजे, आणि तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग हात न वळवता चापावर आला पाहिजे. बोट पोहोचवण्यासाठी मूठ फिरवावी लागत असेल तर धक्का तळव्याऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येतो आणि नेम बाजूला सरकतो. काडतुसे दोन रांगांत बसवणारे मॅगझिन आले की मूठ जाड होते. ९ मिमीची १३ काडतुसे मावणारे ब्राउनिंग हाय-पॉवर १९३५ मध्ये आले. त्याची मूठ मात्र आश्चर्यकारकरीत्या सडपातळ आहे. अलीकडच्या पॉलिमर चौकटीच्या पिस्तुलांबरोबर मुठीच्या मागे लावायच्या वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या मिळतात. डावखुऱ्यांसाठी मॅगझिन सोडण्याचा खटका उलट बाजूला बसवता येतो का, हेही पाहावे लागते.

धक्क्याबाबतचा सर्वसाधारण समज बराचसा उलटा आहे. लहान पिस्तूल सौम्य असेल असे वाटते. प्रत्यक्षात हलक्या पिस्तुलाचा धक्का हाताला जास्त जाणवतो. .२२, .३२ आणि .३८० व्यासाच्या बहुतेक पिस्तुलांत नळी स्थिर असते. स्लाइडला रोखून धरायला फक्त तिचे वजन आणि कडक स्प्रिंग असते. ९ मिमी आणि त्यापुढील काडतुसांसाठी नळी व स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून बरोबर मागे जातात आणि दाब उतरल्यावरच सुटतात. त्यामुळे मध्यम आकाराचे ९ मिमी पिस्तूल कित्येकदा खिशात मावणाऱ्या .३८० पिस्तुलापेक्षा झाडायला आणि हाताने स्लाइड ओढायलाही सोपे जाते. ज्यांच्या बोटांत ताकद कमी आहे त्यांना नेमके सर्वांत लहान पिस्तूल सुचवले जाते, हा सल्ला बहुधा चुकीचा असतो.

काडतुसाची निवड धक्क्याशी कशी बांधलेली असते, हे एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेच्या अनुभवातून दिसते. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झालेल्या चकमकीत तिचे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर अधिक प्रभावी काडतूस हवे म्हणून १० मिमी निवडले गेले, पण त्याचा धक्का अनेकांना झेपेना. दारू कमी केलेले १० मिमी काढले गेले, त्याच धर्तीवर १९९० मध्ये आखूड .४० एस अँड डब्ल्यू काडतूस आले आणि चकमकीनंतर सुमारे तीन दशकांनी संस्था पुन्हा ९ मिमीवर परतली. दरम्यान ९ मिमी गोळ्यांची रचना सुधारली होती, आणि सौम्य धक्क्यामुळे बहुतेक अधिकारी त्याच काडतुसाने जलद व अचूक नेम धरत होते.

अडकणाऱ्या पिस्तुलात पहिला संशय मॅगझिनवर घ्यावा. त्याचे ओठ वाकले, स्प्रिंग मंदावली किंवा आत धूळ साचली की उत्तम पिस्तूलही निकामी होते. इराकमधील अमेरिकी सैनिकांच्या एम९ पिस्तुलांबाबत हाच अनुभव आला. हे मूळचे बेरेटा ९२, वरून उघड्या स्लाइडमुळे काडतूस सहज बाहेर टाकणारे. पण काही मॅगझिनांच्या खरबरीत लेपाला बारीक वाळू चिकटू लागली आणि काडतुसे वर सरकेनात. लेप बदलल्यावर तक्रारी ओसरल्या. म्हणून चाचणी घेताना प्रत्येक मॅगझिन आणि प्रत्यक्ष वापरायचे काडतूस दोन्ही तपासतात. गोल टोकाच्या गोळीवर नीट चालणारे पिस्तूल पोकळ टोकाच्या गोळीवर अडखळू शकते.

चापाच्या प्रकारांत तीन मुख्य भेद आहेत. एम१९११ मध्ये घोडा आधी ताणलेला असावा लागतो. चाप हलका व आखूड असतो, पण सेफ्टी खटक्याची सवय अंगवळणी पडावी लागते. १९२९ च्या वाल्टर पीपीसारख्या रचनेत पहिला चाप लांब व जड, पुढचे हलके. हा फरक सरावानेच जिंकता येतो. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉक १७ मध्ये प्रत्येक ओढ सारखीच, सुमारे अडीच किलोची, आणि बाहेर वेगळा सेफ्टी खटका नाही. रिकामे वजन सुमारे ६२५ ग्रॅम. एम१९११ चे १.१ किलो. शिकायला ग्लॉकची ही पद्धत सोपी, मात्र चापावर अवेळी बोट ठेवणाऱ्याला ती माफ करत नाही. पडल्यावर पिस्तूल आपोआप सुटू नये, ही अट तिन्हींना लागू आहे. २०१७ मध्ये सिग सॉअर पी३२० विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटू शकते असे आढळले. तेव्हा कंपनीने हलक्या चापासह सुधारित भाग विनामूल्य बसवून दिले.

क्रीडा नेमबाजीत निकष पालटतात. २५ मीटर पिस्तूल प्रकारात .२२ व्यासाचे अर्धस्वयंचलित पिस्तूल चालते. वजन १,४०० ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि चापाचा ताण किमान १,००० ग्रॅम हवा. लाकडी मूठ नेमबाजाच्या पंजानुसार घासून, भरून घेतली जाते. दुसऱ्याच्या हाताला ती सहसा लागत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ चा चांगवॉन विश्वचषक आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धा, दोन्हीकडे सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात.

भारतात निवडीवर पहिली मर्यादा कायद्याची आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षे झाली. ९ मिमी निषिद्ध व्यासात मोडते. ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारे, हाय-पॉवरवर आधारलेले ९ मिमी पिस्तूल सैन्य-पोलिसांसाठीच असते. नागरिकासाठी मुख्य पर्याय .३२ चा, म्हणजे ब्राउनिंगच्याच जुन्या ७.६५ मिमी काडतुसाचा. या काडतुसाच्या तळाची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात. भरल्यावर वरचे काडतूस पुढे कलले आहे ना, हे पाहावे. आयातीवर १९८० च्या दशकापासून कडक निर्बंध असल्याने वाल्टर किंवा वेब्ली अँड स्कॉटची जुनी .३२ पिस्तुले परवानाधारकांमध्ये अजूनही चढ्या भावाने हात बदलतात. अशा पिस्तुलाच्या स्प्रिंगा कित्येक दशकांच्या असतात आणि मूळ मॅगझिन दुर्मीळ. नव्या स्प्रिंगा व किमान दोन चांगली मॅगझिन मिळणार नसतील, तर नावाजलेल्या शिक्क्यापेक्षा सुटे भाग सहज मिळणारे देशी पिस्तूल बरे.