जिवाणूंचे दफ्तर आणि विषाणूंची ओळख

१/ सप्टेंबर २०२० मध्ये भारतात कोविडच्या एका नव्या चाचणीस औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. तिचे नाव ‘फेलुदा’, म्हणजे सत्यजित राय यांचा गुप्तहेर. तिच्यामागील यंत्रणा मात्र मनुष्यजातीहून कितीतरी प्राचीन आहे. तिच्या शोधाचा हा इतिहास. #थ्रेड

२/ १९८७. ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो आणि सहकारी ई. कोलाय जिवाणूचे एक जनुक अभ्यासत होते. त्याशेजारी २९ अक्षरांचा एकच मजकूर पाच वेळा आढळला. दर दोन आवृत्तींमध्ये ३२ अक्षरांचा वेगळा मजकूर. याचे प्रयोजन त्यांना सांगता आले नाही.

३/ स्पेनमध्ये फ्रान्सिस्को मोहिका यांना मिठागरांतील सूक्ष्मजीवांत तशीच रचना दिसली. दशकभराने उलगडा झाला: मधला मजकूर विषाणूंचा होता! जुन्या शत्रूंच्या जनुकांचे तुकडे जपून ठेवलेले. नामांकित नियतकालिकांनी निबंध नाकारला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला.

४/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे दफ्तरखाना आठवतोच. नवी नोंद साधारणतः एकाच टोकाला जोडली जाते; म्हणून नोंदींचा क्रम हाच हल्ल्यांचा कालक्रम. शिवाय हे दफ्तर वंशपरंपरागत.

५/ प्रायोगिक पुरावा दह्याच्या जिवाणूंनी दिला. विषाणू शिरले की दुग्धोद्योगात विरजणच नासते. २००७ मध्ये डॅनिस्को कंपनीच्या संशोधकांनी दाखवले: हल्ल्यातून तगलेल्या जिवाणूंत विषाणूची नवी नोंद असते, ती काढली की प्रतिकारही जातो.

६/ २०१२ मध्ये शार्पेंटिये आणि डाउड्ना यांनी या यंत्रणेतील कॅस९ या कात्रीला हवे ते लक्ष्य देता येते, हे सिद्ध केले. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यासाठीच.

७/ निदानाची वाट कॅस१३ आणि कॅस१२ या भावंडांनी दाखवली. लक्ष्य सापडताच ती आसपासचे धागेही कापत सुटतात. त्या धाग्यांना चमकणारा रेणू जोडला, की विषाणूची उपस्थिती उजेडाने कळते. २०१७ ची ‘शेरलॉक’ पद्धत झिका आणि डेंग्यू ओळखू लागली.

८/ ‘फेलुदा’ दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतील देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटाची. मूळ काम सिकलसेलच्या निदानासाठी चालले होते. साथ येताच तेच तंत्र करोनाकडे वळवले. उत्तर कागदी पट्टीवरील रेघेत. अर्थात, नमुन्यातील जनुकीय द्रव्य आधी यंत्रात वाढवून घ्यावे लागते. त्यामुळे प्रयोगशाळेची गरज संपलेली नाही.

९/ ‘याचा उपयोग काय?’ या प्रश्नाला १९८७ मध्ये उत्तर नव्हते. तरी कुणीतरी त्या नोंदी वाचत राहिले, म्हणूनच २०२० मध्ये काही महिन्यांत चाचणी उभी राहिली. संशोधनाचा निधी ठरवताना हा इतिहास स्मरणात असावा.