‘दान’, ‘दान्ना’ आणि ‘डोनर’ : शब्दांची खरी नाती आणि खोटी नाती

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पाली-परिचयाचे वर्ग घेताना एक प्रसंग हमखास घडतो. कुणीतरी मोबाईल पुढे करून विचारतो, “हे खरं आहे का?” मेसेजमध्ये शब्दांच्या जोड्या असतात. जपानी ‘अनाता’ म्हणजे पाली ‘अनत्ता’, इंग्रजी ‘नेम’ म्हणजे जपानी ‘नामाए’, ‘डोनर’ म्हणजे ‘दान’. शेवटी ठरलेली ओळ असते : जगातल्या सर्व भाषा पालीतून निघाल्या, पुढे पाठवा, जयभीम. यातल्या काही जोड्या खऱ्या आहेत, काही निव्वळ योगायोग. त्या वेगळ्या कशा करायच्या, यासाठी हा लेख.

खऱ्या जोडीपासून सुरुवात करू. कराडजवळच्या आगाशिवची लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. सह्याद्रीतल्या बौद्ध लेण्यांच्या शिलालेखांत ‘देयधम’ हा शब्द वारंवार येतो. देयधम म्हणजे धम्मासाठी दिलेले दान. हाच ‘दान’ शब्द भिक्खूंबरोबर चीनमध्ये गेला. तिथे त्याचा अर्थ न लावता नुसता उच्चार चिनी अक्षरांत लिहिला गेला आणि ती अक्षरे पुढे जपानमध्ये पोहोचली. तिथे तो ‘दान्ना’ झाला. आधी अर्थ होता विहाराला दान देणारा, मग आश्रयदाता, मग मालक, आणि शेवटी नवरा. आजही जपानी बाई नवऱ्याला ‘दान्ना’ म्हणते. आपल्याकडे गावातल्या बायका “आमचे मालक” म्हणतात, तसेच हे. दानाचा शब्द फिरत फिरत मालकीपर्यंत कसा गेला, हा स्त्री-अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे.

इंग्रजी ‘डोनर’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. पाली, संस्कृत आणि लॅटिन एकाच भाषाकुळातल्या आहेत, म्हणून ‘दा’ हा देण्याचा धातू तिन्हीकडे आहे. या भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत, कुणी कुणाची आई नाही. मेसेज लिहिणारे नेमके इथेच चुकतात. गंमत म्हणजे रक्तदात्यासाठी वा अवयवदात्यासाठी जपानीत आता ‘दोना’ हा इंग्रजीवरून घेतलेला शब्द आहे. म्हणजे एकच धातू जपानमध्ये दोनदा पोहोचला, एकदा भिक्खूंच्या वाटेने आणि एकदा इंग्रजीतून.

भिक्खूंच्या वाटेने गेलेले शब्द पुष्कळ आहेत. ‘झान’ (संस्कृत ध्यान) चीनमध्ये ‘चान’ आणि जपानमध्ये ‘झेन’ झाले. इंग्रजीने तो शब्द जपानीतून उचलला. भिक्खूचे पात्र ‘हाची’ झाले, आज साधा वाडगाही हाचीच. क्षणाला ‘सेत्सुना’ म्हणतात. स्तूपाचा ‘सोतोबा’ झाला. स्मशानात थडग्यामागे उभ्या केलेल्या उंच लाकडी फळ्यांना आज हा शब्द आहे. नरकाचा ‘नाराकु’ तर काबुकी नाटकाच्या रंगमंचाखालचे तळघर झाला!

याहून मोठा पुरावा जपानी मुळाक्षरांच्या क्रमात आहे. आ, इ, उ, ए, ओ हे स्वर, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपली क, च, त, न, प, म, य, र, व ही ओळ शेजारी ठेवून पाहा. ‘च’च्या जागी ‘सा’ आणि ‘प’च्या जागी ‘हा’ दिसतो, कारण जुन्या जपानीत ‘हा’चा उच्चार ‘पा’ होता, आणि ‘सा’चाही ‘च’च्या जवळचा असावा. भारतीय ‘सिद्धम्’ लिपीचा अभ्यास करणाऱ्या भिक्खूंमुळे हा क्रम तिथे रुजला. ही विद्या चीनमधून आणणाऱ्यांत कुकाई (७७४–८३५) प्रमुख होते. त्यांनी स्थापलेल्या कोयासानच्या विद्यापीठात २०१५ मध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तरीही जपानी भाषा वेगळ्या कुळातली आहे. क्रम घेतला म्हणून भाषा भारतीय होत नाही.

आता खोट्या जोड्या. ‘अनाता’ म्हणजे ‘तुम्ही’. मूळ अर्थ ‘पलीकडे, त्या बाजूला’. समोरच्याचा थेट उल्लेख टाळण्याच्या रीतीतून तो ‘तुम्ही’ झाला. अनत्ता या सिद्धान्ताला जपानी बौद्ध ‘मुगा’ म्हणतात. ‘नामाए’मध्ये ‘ना’ म्हणजे नाव आणि ‘माए’ हा मागून जोडलेला शब्द. इंग्रजी ‘नेम’शी त्याचा संबंध नाही. (‘नेम’ आणि आपले ‘नाम’ मात्र सख्खे.) ‘इमोजी’ हा शब्द ‘इमोशन’वरून आला असे जवळपास सगळ्यांनाच वाटते. जपानीत ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर. बस, इतकेच.

एवढी काटेकोरी कशाला, असे कार्यकर्ते विचारतात. आमच्या गटातल्या एका मुलाने वक्तृत्व स्पर्धेत ‘अनाता’चा दाखला दिला. श्रोत्यांत जपानी शिकलेली एक मुलगी होती. तिने नंतर चूक दाखवली, आणि त्याने सांगितलेले झेन, हाची हे खरे शब्दही हसण्यावारी गेले. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव दाखल झाले, त्या बाबासाहेबांना पुढे मुंबईत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. त्यांनी नंतर संस्कृत आणि पालीचा स्वतः अभ्यास केला आणि पालीचा कोश रचला. शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या १६ व्या खंडात तो आहे. मेसेज पुढे पाठवण्याआधी निदान तो उघडावा. शब्द तिथे सापडला, तरी तो कोणत्या वाटेने, कोणत्या शतकात, कोणाबरोबर गेला हे सांगता आले पाहिजे. नुसता कानाला सारखा लागणे हा पुरावा नव्हे.

वाट सांगता येते अशी एक जोडी रोजच्या वापरातली आहे. सांगली-मिरजेच्या स्टँडबाहेर आपण ज्या रिक्षात बसतो, तो शब्द इंग्रजांनी आणला, पण आहे जपानी. ‘जिन’ म्हणजे माणूस, ‘रिकी’ म्हणजे बळ, ‘शा’ म्हणजे गाडी. ‘जिनरिकिशा’ हे वाहन १८७० च्या सुमारास जपानमध्ये सुरू झाले. इंग्रजीने पुढचा ‘जिन’ गाळून ‘रिक्शॉ’ केले आणि आपण रिक्षा. शब्दातून माणूस गेला, पण माथेरानच्या चढावर तो गाडी ओढतच राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने तिथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला.