घोडा का अडला?

‘घोडा का अडला? भाकरी का करपली?’ या बिरबलाच्या कोड्याचं ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तर मी लहानपणीच पाठ केलं होतं. मुलाकडे अमेरिकेत, आयोवाला गेलो तेव्हा कळलं की तिथल्या शेतावरचा घोडा अडला तो खाल्ल्यामुळे!

मुलाने मला जुन्या शेती-अवजारांच्या प्रदर्शनाला नेलं. (सून म्हणाली, “बाबांना मॉलमध्ये झोप येते.”) यंत्र आलं की जनावर गेलं, अशी आपली माझी समजूत. पण १८३१ साली सायरस मॅकॉर्मिकने व्हर्जिनियात गव्हाच्या कापणीचं यंत्र चालवून दाखवलं, ते ओढायला घोडाच होता. पुढे पेंढ्या बांधणारं यंत्र आलं, त्यालाही घोडे. कॅलिफोर्नियात तर कापणी आणि मळणी एकदम करणाऱ्या धुडाला तीस-तीस घोडे-खेचरं जुंपत. १९१५च्या सुमारास त्या देशातल्या शेतांवर अडीच कोटींहून जास्त घोडे-खेचरं होती आणि पिकाखालची जवळजवळ पाव जमीन त्यांच्याच दाणावैरणीला लागे. आमच्या बैलांच्या तोंडाला निदान मळणीपुरती तरी मुसकी असत. इथे काम असो नसो, पंगत रोजची!

मग १९२०नंतर बेताच्या किमतीचे ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टर उभा असला तर खात नाही. १९६०पर्यंत घोडे-खेचरं तीस लाखांवर आली. हिशेब चोख होता.

तिथे नव्वदीचे एक शेतकरी भेटले. म्हणाले, “मळणीचं यंत्र दहा-बारा घरांत मिळून एक. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. आई वीस माणसांचं रांधायची. मग आम्ही कंबाइन घेतला. त्या वर्षी धान्य वेळेवर घरात आलं. शेजारी मात्र कुणीच आलं नाही.”

मला आमचं खळं आठवलं. तिवड्याभोवती फिरणारे बैल, रात्री राखणीच्या निमित्ताने गप्पा छाटणारी चार घरची माणसं. गावात मळणीयंत्र आलं तेव्हा आजोबा भलतेच खूश झाले. आठ दिवसांचं काम दिवसात उरकलं! रात्री मात्र घोंगडी घेऊन सवयीने खळ्यावर गेले, आणि थोड्या वेळाने परत आले. “कुणीच नाही रे तिथे,” म्हणाले.

“तुमच्याकडेही घोडेच होते का?” म्हाताऱ्याने विचारलं.

“बैल,” मी म्हटलं. “बाकी सगळं तेच.”