इंग्रजी भाषाप्रावीण्य परीक्षेतील लेखन विभाग व त्याची पूर्वतयारी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यास इंग्रजी भाषेवरील प्रभुत्वाचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी आयईएलटीएस व टोफेल या परीक्षा सर्वपरिचित आहेत. श्रवण, वाचन, लेखन व संभाषण या चार कौशल्यांपैकी लेखनाची तयारी सर्वांत अवघड मानली जाते. व्याकरण नियमांनी शिकता येते, शब्दसंग्रह पाठांतराने वाढविता येतो. परंतु ठरावीक वेळेत सुसंगत विचार मांडण्याची सवय अल्पावधीत लागत नाही. या तयारीचे स्वरूप मात्र सदैव एकच नव्हते. परीक्षेने लेखन म्हणजे काय मानले, त्यानुसार उमेदवाराने काय शिकावे हे ठरत गेले. प्रस्तुत शोधनिबंधात या बदलाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१) लेखन विभागाच्या स्वरूपात झालेल्या बदलांचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२) या बदलांचा उमेदवारांच्या पूर्वतयारीवर झालेला परिणाम स्पष्ट करणे.
३) मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात त्याचा विचार करणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

अ) निबंध व भाषांतराचा कालखंड

केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने १९१३ मध्ये परकीय भाषकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. परदेशातील शाळांमध्ये इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी ती प्रामुख्याने होती. परीक्षेचा एकूण कालावधी सुमारे १२ तासांचा होता. त्यात भाषांतर, व्याकरण, इंग्रजी साहित्य, ध्वनिशास्त्र, श्रुतलेखन व संभाषण यांचा समावेश होता. निबंधास २ तास दिले जात. पहिल्या वर्षी ३ उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. निबंधाच्या विषयांत मॅथ्यू अर्नोल्ड, एलिझाबेथकालीन प्रवास व शोध यांबरोबर १८५७ चा भारतीय उठावही होता. अशा विषयावर लिहिण्यासाठी केवळ भाषा येणे पुरेसे नव्हते. इंग्लंडचा इतिहास व वाङ्मय यांचे वाचन आवश्यक होते. म्हणजेच भाषेच्या परीक्षेत ज्ञानाची व संस्कृतीचीही परीक्षा होत होती.

भाषांतरावरील हा भर महाराष्ट्रास अपरिचित नव्हता. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून मराठी मुलांच्या अनेक पिढ्या इंग्रजी वाक्यरचना शिकल्या. मराठी वाक्याचे इंग्रजी व इंग्रजी वाक्याचे मराठी करण्याच्या या पद्धतीने वाक्य निर्दोष होई. परंतु वाक्यास वाक्य जोडून युक्तिवाद उभारण्याचा सराव त्यातून होत नसे.

ब) लेखनाविना लेखनाची परीक्षा

अमेरिकेत १९६४ मध्ये टोफेल परीक्षा प्रथम घेण्यात आली. तिच्या ५ विभागांपैकी एकाचे नाव लेखनक्षमता असे होते. तथापि त्यात उमेदवारास एकही परिच्छेद लिहावा लागत नसे. सर्व प्रश्न बहुपर्यायी होते. मोठ्या संख्येने येणाऱ्या उत्तरपत्रिका यंत्राने तपासता याव्यात आणि तपासनिसागणिक गुण बदलू नयेत, हा त्यामागील हेतू होता. तो अयोग्य म्हणता येणार नाही. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, वाक्यातील चूक ओळखणे हीच लेखनाची तयारी ठरली. चूक ओळखता येणाऱ्यास लिहिता येतेच असे नाही, हे विद्यापीठांतील अध्यापकांच्या लक्षात येत गेले. अखेर १९८६ मध्ये ३० मिनिटांची स्वतंत्र लेखनचाचणी सुरू झाली. दोन परीक्षक १ ते ६ या श्रेणीत तिचे गुणांकन करीत. १९९८ मध्ये संगणकाधारित परीक्षा सुरू झाल्यावर निबंध अनिवार्य झाला.

क) विषयनिष्ठ लेखनाकडून सर्वसामान्य लेखनाकडे

ब्रिटनमध्ये १९८० मध्ये सुरू झालेल्या ईएलटीएस परीक्षेत उमेदवाराच्या ज्ञानशाखेचा विचार केला होता. वैद्यक, तंत्रविज्ञान, सामाजिक शास्त्रे अशा ६ गटांत परीक्षा विभागली होती. १९८९ मध्ये ब्रिटन व ऑस्ट्रेलिया यांच्या सहकार्याने आयईएलटीएस अस्तित्वात आली, तेव्हा हे गट ३ झाले आणि १९९५ मध्ये सर्वांसाठी एकच शैक्षणिक प्रश्नपत्रिका ठरली. ६० मिनिटांत आलेख वा तक्त्याचे किमान १५० शब्दांत वर्णन आणि किमान २५० शब्दांचा निबंध हे तिच्या लेखन विभागाचे स्वरूप सर्वत्र परिचित झाले. २००५ पासून सुधारित निकष लागू झाले. प्रश्नास दिलेला प्रतिसाद, सुसंगती, शब्दसंपदा व व्याकरण या ४ अंगांनी गुण दिले जाऊ लागले. त्यामुळे व्याकरणशुद्ध पण विषयास सोडून केलेले लेखन पुरेसे राहिले नाही.

टोफेलमध्येही २००५ च्या इंटरनेटाधारित परीक्षेने एकात्म लेखन आणले. उतारा वाचून व व्याख्यान ऐकून दोहोंतील संबंध २० मिनिटांत लिहावयाचा असे. या कालखंडात संगणकही परीक्षक झाला. २००९ पासून टोफेलच्या निबंधासाठी मानवी परीक्षकासोबत स्वयंचलित गुणांकन वापरण्यात येऊ लागले. जुलै २०२३ मध्ये ३० मिनिटांच्या निबंधाच्या जागी वर्गचर्चेतील १० मिनिटांचा लेखी प्रतिसाद आला.

ड) पूर्वतयारी आणि मराठी भाषक विद्यार्थी

लेखनचाचणी रूढ झाल्यानंतर नमुना निबंधांची पुस्तके व शिकवणी वर्ग वाढले. ठरावीक प्रारंभ, ठरावीक जोडशब्द व ठरावीक समारोप पाठ करण्याची प्रथा पडली. ज्या दोषावर उपाय म्हणून निबंध आणला गेला, तोच दोष अशा रीतीने निराळ्या रूपाने परत आला. पूर्वी उमेदवार लिहीत नव्हता. आता तो दुसऱ्याचे लिहू लागला.

मराठी माध्यमातील विद्यार्थ्याच्या अडचणी सामान्यतः भाषिक मानल्या जातात. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि इंग्रजीतील उपपदांसारखी व्यवस्था नाही. त्यामुळे चुका होतात हे खरे. परंतु अधिक खोल अडचण निबंधाच्या कल्पनेतच आहे. शालेय मराठी निबंधात सुभाषिताने आरंभ, आत्मवृत्त, कल्पनाविलास व आलंकारिक भाषा यांना मान असतो. प्रावीण्य परीक्षा मात्र स्पष्ट भूमिका, कारणे व उदाहरणे मागते. हुशार विद्यार्थीही येथे अडखळतो, याचे कारण बुद्धीची उणीव नसून लेखनसंस्कारातील भेद हे आहे.

निष्कर्ष :

१) लेखन विभागाचा इतिहास हा विश्वसनीय गुणांकन व प्रत्यक्ष लेखन यांतील ओढाताणीचा इतिहास आहे.
२) परीक्षेचे स्वरूप बदलताच तयारीचे स्वरूप बदलते, म्हणून एकाच साच्यावर विसंबलेली तयारी अल्पजीवी ठरते.
३) वाचणे, मुद्दे काढणे, वेळ लावून लिहिणे व पुन्हा तपासून सुधारणे हा सराव कोणत्याही साच्यापलीकडे टिकणारा आहे.
४) मातृभाषेत युक्तिवादपर लेखनाचा सराव झाल्यास त्याचा लाभ इंग्रजी लेखनासही होऊ शकतो.

समारोप :

प्रावीण्य परीक्षेची तयारी ही केवळ शिकवणी वर्गांची बाब मानून महाविद्यालयांना अलिप्त राहता येणार नाही. शिकवणीचे शुल्क न परवडणाऱ्या विद्यार्थ्यास महाविद्यालयाचा वर्ग हाच एकमेव आधार असतो. प्राध्यापकाने त्याचा परिच्छेद वाचून, दुरुस्त करून परत दिला, तर परीक्षेचे स्वरूप पुन्हा बदलले तरी ती शिदोरी त्याच्याजवळ राहील.