ट्रिस्टन द कुन्हा

ट्रिस्टन द कुन्हा : दक्षिण अटलांटिक महासागरातील ज्वालामुखीजन्य द्वीपसमूह व ब्रिटनच्या एका सागरपार प्रदेशाचा भाग. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ९८ चौ. किमी. असून त्याच्या मध्यावर क्वीन मेरीज पीक हे २,०६२ मी. उंचीचे शिखर आहे. जवळात जवळची कायम वस्ती म्हणजे सेंट हेलेना, तीही सुमारे २,४०० किमी. दूर, केपटाउन सुमारे २,८०० किमी. विमानतळ नाही. जहाजाने केपटाउनहून पोहोचायला आठवडाभर लागतो. इनॅक्सेसिबल, नाइटिंगेल व गॉफ ही समूहातील इतर बेटे. पैकी गॉफवर दक्षिण आफ्रिकेचे हवामान केंद्र आहे. लोकसंख्या अडीचशेहून कमी, आणि ती सगळी ‘एडिंबर्ग ऑफ द सेव्हन सीज’ या एकाच गावात राहते. जगातील सर्वांत दुर्गम वस्ती असे बिरुद तिला नकाशावरचे अंतर मोजून दिले जाते. बेटाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो : ही दुर्गमता व्यापारी मार्गांनी घडवली आहे, आणि मार्ग बदलले तशी ती वाढली किंवा ओसरली आहे.

पोर्तुगीज दर्यावर्दी त्रिस्ताँव द कुन्या याला हे बेट १५०६ मध्ये दिसले. १८१६ मध्ये ब्रिटिशांनी तेथे लष्करी तुकडी ठेवली. नेपोलियन तेव्हा सेंट हेलेनावर कैदेत होता, हे त्यामागचे एक कारण. पुढच्याच वर्षी तुकडी परत गेली, पण विल्यम ग्लास हा स्कॉटिश कॉर्पोरल बायकामुलांसह मागे राहिला. मालमत्तेत सर्वांचा वाटा सारखा आणि कोणी कोणाचा वरिष्ठ नाही, असा करार त्याने व त्याच्या सोबत्यांनी केला होता. हे लोक एकांतवासी मात्र नव्हते. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली शिडाची जहाजे ब्राझीलच्या बाजूने दक्षिणेला उतरत आणि मग पश्चिमी वारे पकडून केपला वळसा घालत. मुंबईकडे येणाऱ्या जहाजांचा रस्ताही हाच, आणि ट्रिस्टन त्याच्या जवळच पडे. अमेरिकी देवमासे-शिकारी जहाजेही येत. बटाटे, ताजे मांस आणि गोडे पाणी देऊन बेटकरी पीठ, कापड, चहा घेत. मग देवमाशांचा धंदा उतरणीला लागला, वाफेच्या जहाजांना वाऱ्याची गरज उरली नाही, आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. ज्या कालव्याने मुंबईला लंडनजवळ आणले, त्यानेच ट्रिस्टनला दूर ढकलले. १८८५ मध्ये दुरून जाणारे एक जहाज गाठून काही देवघेव करावी म्हणून पंधरा पुरुष होडी घेऊन निघाले. एकही परतला नाही. जहाजे वरचेवर येत असती, तर एका शिडापायी गावाने आपले बहुतेक कर्ते पुरुष एकाच होडीत धाडले असते का, हा प्रश्न पडतोच.

यावर असे म्हणता येईल की अंतर तर तेच राहिले, आणि बेटाला नैसर्गिक बंदर कधीच नव्हते. आक्षेप खोटा नाही. १९६७ मध्ये बांधलेले छोटे बंदर आजही समुद्र खवळला की बंद असते; मोठी जहाजे बाहेर नांगर टाकतात, माणसे व माल होड्यांतून उतरवावा लागतो, आणि कधी कधी कित्येक दिवस नुसती वाट पाहावी लागते. पण हाच समुद्र १८३० मध्येही होता आणि तेव्हा जहाजे थांबत होती. भूगोल येण्याची किंमत ठरवतो. ती मोजायला कोणी तयार आहे की नाही, हे व्यापार ठरवतो.

विसाव्या शतकात ही किंमत पुन्हा मोजली गेली. १९४२ मध्ये ब्रिटिश नौदलाने तेथे हवामान व बिनतारी केंद्र उभारले, १९४९ मध्ये शेवंडीचा व्यापारी धंदा सुरू झाला. तोवर बेटावर पैसा जवळजवळ नव्हताच. १९४६ मध्ये टपाल तिकिटाचा जो नमुना मांडला गेला, त्यावर एका पेनीसोबत ‘चार बटाटे’ असेही मोल छापले होते. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये गावाच्या अगदी शेजारी ज्वालामुखी फुटला. सर्व बेटकऱ्यांना इंग्लंडला हलवण्यात आले. लाव्ह्याने शेवंडीचा कारखाना गाडला, घरे मात्र बहुतेक वाचली. पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये, मतदान झाले. १४८ जणांनी परतण्याच्या बाजूने कौल दिला, पाच जणांनी विरोधात. सुधारलेल्या जगाला भोळ्या माणसांनी दिलेला नकार, असा त्याचा अर्थ तेव्हा अनेकांनी लावला. ही समजूत सोयीची खरी, पण अपुरी. इंग्लंडमध्ये ते दुसऱ्याच्या हाताखालचे मजूर होते. बेटावर प्रत्येकाला घर, बटाट्याचे वाफे आणि समुद्रावर हक्क होता. शिवाय परतल्यावर कारखाना नव्याने उभा राहिला. नुसत्या ओढीवर गाव चालले नसते.

आजही बेटाचे मुख्य उत्पन्न शेवंडीचेच, आणि तिचे गिऱ्हाईक परदेशात. हवा अनुकूल असेल त्या सकाळी गावात टोल वाजतो आणि होड्या सुटतात. उत्पन्नात शेवंडीखालोखाल टपाल तिकिटे, म्हणजे जगभरच्या संग्राहकांना विकलेली दुर्गमताच. जमीन सामाईक आहे. प्रत्येक कुटुंबाने किती गुरे-मेंढ्या राखायच्या यावर मर्यादा आहे, बाहेरच्याला जमीन विकत घेता येत नाही. गावापासून काही अंतरावर लाव्ह्याच्या दगडांच्या गडग्यांत बटाट्याचे वाफे आहेत. ग्रीन, स्वेन, रॉजर्स, हेगन या आडनावांबरोबर रेपेत्तो आणि लावारेल्लो ही इटालियन आडनावेही आढळतात. १८९२ मध्ये ‘इतालिया’ हे जहाज फुटले आणि त्यावरचे दोन खलाशी इथेच राहिले.

इंटरनेट आल्यावर दुर्गमता संपली, असा दुसरा आक्षेप घेतला जातो. निरोप क्षणात पोहोचतो हे खरे, पण शेवंड आणि डिझेल तारेतून जात नाहीत. मार्च २०११ मध्ये ब्राझीलहून सिंगापूरला सोयाबीन घेऊन चाललेले ‘ऑलिव्हा’ हे जहाज नाइटिंगेलवर आदळले. तेलाने हजारो पेंग्विन माखले आणि आसपासची शेवंडीची मासेमारी थांबवावी लागली. व्यापाराचा रस्ता अजूनही इथूनच जातो, फक्त आता कोणी थांबत नाही. २०२० मध्ये भोवतालच्या सुमारे ६,८७,००० चौ. किमी. सागराला संरक्षण जाहीर झाले. त्यातही बेटकऱ्यांना शेवंड पकडण्यासाठी किनाऱ्यालगतचे पट्टे राखून ठेवले आहेत. २००२ मध्ये मिळालेल्या पूर्ण ब्रिटिश नागरिकत्वामुळे तरुणांना ब्रिटनमध्ये शिकायला आणि राहायला मोकळीक आहे, आणि १९८० च्या दशकात तीनशेच्या घरात असलेली लोकसंख्या तेव्हापासून घटत आली आहे.