ठरावापासून पाणवठ्यापर्यंत : कै. रावबहादूर सी. के. बोले यांचे विधिमंडळातील कार्य

मुंबईत दादरच्या पश्चिमेस कै. रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या नावाचा एक रस्ता आहे. त्या रस्त्याने नित्य हजारो लोक जातात-येतात. आपल्या भंडारी ज्ञातीतील माणूस तेथून जाताना पाटीकडे अभिमानाने पाहतो आणि सोबतच्या मुलांना सांगतो की, हे आपले बोलेसाहेब. ज्ञातीच्या समारंभांतून त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, भाषणांतून त्यांना 'थोर समाजसेवक' म्हटले जाते. हे सर्व योग्यच आहे. परंतु या थोर समाजसेवकाने नेमके काय केले, असा प्रश्न त्या मुलाने विचारला, तर आपल्यापैकी कितीजणांना समाधानकारक उत्तर देता येईल? हे उत्तर घरोघरी पोहोचावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बोले हे प्रथम कामगारांचे कार्यकर्ते होते. मुंबईच्या गिरण्यांतून राबणाऱ्या श्रमिकांसाठी १९०९ साली 'कामगार हितवर्धक सभा' स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते अग्रणी होते. कोकणातील गाव सोडून परळ-लालबागच्या चाळींत आलेला माणूस त्यांनी जवळून पाहिला होता. अशा माणसाचे शरीर गिरणीत असले तरी त्याचे मन, त्याचे कुटुंब आणि त्याचे कर्ज ही गावातच असतात. त्यामुळे कामगारांची सेवा करणारा मनुष्य अखेर खेड्याच्या प्रश्नांपर्यंत येऊन पोहोचतो, तसेच बोल्यांचे झाले. आणखी एक प्रसंग येथे नमूद केला पाहिजे. १९०७ साली भीमराव आंबेडकर हा तरुण मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा त्याच्या अभिनंदनार्थ मुंबईत सभा भरली. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. सभेचे अध्यक्षस्थान बोले यांनी भूषविले होते. पुढे वीस वर्षांनी या दोघांची नावे एका तळ्याच्या काठी पुन्हा एकत्र यावयाची होती!

१९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार मुंबई इलाख्याचे नवे कायदे कौन्सिल १९२१ मध्ये कामाला लागले. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली. जमीनमहसूल, पोलीस यांसारखी खाती मात्र गव्हर्नर व त्यांच्या कार्यकारी मंडळाच्या हातीच राहिली. मताचा हक्क थोड्यांनाच होता. सभासदाने एखादा ठराव मांडला व तो बहुमताने संमत झाला, तरी तो सरकारवर बंधनकारक नसे, ती केवळ शिफारस असे. तेव्हा अशा सभागृहात जाऊन काय मिळणार, असा प्रश्न त्या काळी अनेकांनी केला. बोले यांच्या कार्याचे मोल समजून घ्यावयाचे तर ही मर्यादा प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. त्यांच्या हाती सत्ता नव्हती. होता तो बोलण्याचा हक्क आणि शब्द निवडण्याचा विवेक.

आता त्या काळच्या खेड्याकडे वळू. कोकणात पावसाळ्यात पाणी धो धो कोसळते. परंतु जांभ्या दगडाच्या भूमीत ते ठरत नाही, आणि चैत्र-वैशाखात विहिरींचा तळ दिसू लागतो. देशावर तर पाऊसच बेताचा. अशा ठिकाणी लोकल बोर्डाची विहीर, नगरपालिकेचे तळे, वाटेवरची धर्मशाळा, गावची शाळा आणि दवाखाना हीच काय ती सार्वजनिक सोय. ती उभी राहते कोणाच्या पैशावर? जमीनसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' म्हणून वसूल केला जाई. जमीन कसणाऱ्याच्या घामातूनच हा आणा निघत असे आणि त्याची जात पाहून तो कोणी परत करीत नसे. तथापि त्याच आण्यातून बांधलेल्या विहिरीजवळ अस्पृश्य मानलेली माउली रिकामी घागर घेऊन दूर उभी राही. कोणाला तरी दया येऊन वरून ओंजळभर पाणी ओतले जाईल, याची वाट पाहण्यात तिचा दिवस जाई. पैसा घेताना विटाळ नाही, पाणी देताना मात्र विटाळ! अन्याय हा असा उघडा होता. पण रोज डोळ्यांसमोर असल्यामुळेच तो कोणाला दिसत नव्हता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांनी कायदे कौन्सिलात आपला सुप्रसिद्ध ठराव मांडला आणि तो संमत झाला. त्याचा आशय असा : सार्वजनिक निधीतून बांधलेले व राखलेले, अथवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांकडून चालविले जाणारे सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गास करू द्यावा.

या ठरावाची शब्दयोजना बारकाईने पाहण्याजोगी आहे. त्यात शास्त्रार्थाचा वाद नाही, कोणाच्या घरातील खाजगी विहिरीचा उल्लेख नाही, देवळाचाही उल्लेख नाही. वस्तू सार्वजनिक पैशाची आहे की नाही, एवढाच एक प्रश्न त्यात आहे. असेल, तर ती सर्वांची. धर्माच्या नावाने उभ्या राहिलेल्या प्रश्नाला बोले यांनी हिशेबाच्या वहीत आणून बसविले. ज्या सभागृहात अंदाजपत्रकाच्या रकमा रोज मोजल्या जात, तेथे या युक्तिवादाला उत्तर देणे कठीण होते. शिवाय विहिरीबरोबर शाळा, कचेरी आणि दवाखाना यांचीही गणना त्यांनी केली. गावाच्या सोयी या एकमेकींपासून वेगळ्या नाहीत, ही दृष्टी त्यात आहे. ज्याला पाणी नाकारले जाते त्यालाच शाळेच्या ओटीवर बसविले जाते, आणि त्यालाच कचेरीच्या दारातून अर्ज फेकावा लागतो, हे ते जाणून होते.

ठराव संमत झाला. परंतु ठराव म्हणजे पाणी नव्हे. मुंबई सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी त्यावर आपला हुकूम काढला. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या जागा व संस्था यांच्यापुरती खातेप्रमुखांनी ठरावाची अंमलबजावणी करावी, असे त्यात फर्माविले होते. नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्या बाबतीत मात्र, ठराव स्वीकारणे इष्ट आहे काय याचा त्यांनी विचार करावा असा सल्ला कलेक्टरांनी द्यावा, एवढेच म्हटले होते. 'हुकूम' आणि 'सल्ला' या दोन शब्दांमधील अंतर केवढे असते, ते खेड्यात राहिलेल्या वाचकास सांगावयास नको. विहिरी आणि तळी बहुतांशी स्थानिक संस्थांकडेच होती, आणि सल्ला मानणे वा न मानणे त्यांच्या खुशीवर राहिले. पुष्कळ ठिकाणी कागद दप्तरात गेला आणि घागर रिकामीच राहिली.

एखादा साधारण सभासद येथे थांबला असता. आपला ठराव संमत झाला, वृत्तपत्रांत नाव आले, कर्तव्य संपले, असे मानणारे लोकप्रतिनिधी कोणत्याही काळी दुर्मीळ नसतात. बोले थांबले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ रोजी ते पुन्हा त्याच प्रश्नावर उभे राहिले. पूर्वीचा ठराव अमलात आणण्यास जी नगरपालिका वा स्थानिक संस्था नकार देईल, तिला सरकारी अनुदान देऊ नये, असा त्यांच्या या दुसऱ्या मागणीचा रोख होता. कौन्सिलाने पहिल्या ठरावामागील आपली भूमिका पुन्हा एकदा दृढ केली. स्थानिक संस्थेला उपदेशाची भीती नसते, अनुदान बंद होण्याची असते, हे मर्म त्यांनी अचूक ओळखले होते. रस्ते, पूल, पाणीपुरवठा यांच्या इतिहासात आजवर हेच दिसून आले आहे की, इच्छेला जोवर पैशाची अट जोडली जात नाही तोवर ती इच्छाच राहते. आमच्या मते बोले यांच्या संसदीय जीवनातील खरा मोठेपणा १९२३ च्या ठरावाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, १९२६ च्या या पाठपुराव्यात आहे.

महाडचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याचा या ठरावाशी असलेला संबंध पुष्कळदा विसरला जातो. बोले यांच्या ठरावास अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे अस्पृश्यांस खुले केले. पण ते खुले झाले कागदावर. तळ्यावर जाण्याचे धैर्य कोणास होणार? १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले व ते पाणी प्याले. कौन्सिलात उच्चारलेला शब्द त्या दिवशी ओंजळीत आला. त्यापाठोपाठ परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, तळ्याच्या 'शुद्धी'चा विधी झाला आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. बोले यांच्या मूळ ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. पुढे दिवाणी दावा लागला, डिसेंबर १९२७ ची सत्याग्रह परिषद झाली आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादिकालापासून रूढी होती, हे विरोधकांना सिद्ध करता आले नाही. ठरावापासून त्या अंतिम निकालापर्यंत तेरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

२६ जानेवारी १९५० रोजी भारतीय संविधान अमलात आले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते इत्यादींचा उल्लेख आहे. पूर्णतः अथवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेल्या वा सर्वसाधारण जनतेसाठी अर्पण केलेल्या अशा स्थळांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणाने कोणालाही अटकाव करता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. १९२३ च्या ठरावाचा आशय आठवून हा मजकूर वाचावा. सार्वजनिक निधीचे तेच तत्त्व येथे शिफारस राहिलेले नाही. ते मूलभूत हक्काच्या रूपाने उभे आहे.

बोले यांनी आपल्या ज्ञातीच्या सुखदुःखाकडे पाठ फिरविली, असे मात्र कोणी समजू नये. कोकणातील खोतीच्या जुलमाविरुद्धही त्यांनी कौन्सिलात आवाज उठविला. खोताच्या जमिनी कसणाऱ्या कुळांत कुणबी, आगरी, महार यांच्याबरोबर आपले भंडारीही होते. पुढे १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने ती पद्धती संपुष्टात आली. कुळांच्या या प्रश्नात आपला स्वार्थ होता. पाण्याच्या प्रश्नात तो नव्हता. आपल्या ज्ञातीला विहिरीवर कोणी अडवीत नव्हते. ज्यांना अडविले जात होते त्यांच्यासाठी बोले उभे राहिले. आणि आज इतिहासात त्यांचे नाव कोरले गेले आहे ते याच कार्यामुळे. ज्ञातीच्या सभासदाने ज्ञातीबाहेरच्या माणसासाठी केलेले काम हेच ज्ञातीचे सर्वांत मोठे भूषण ठरले, यावर आपण सर्वांनी शांतपणे विचार करावा.

येथे थोडे कटू वाटेल असे लिहिणे प्राप्त आहे. बोले यांचा ठराव ज्यांना उद्देशून होता, त्यांत परके तेवढे होते असे नाही. पाणवठ्याच्या वरच्या अंगास उभ्या राहणाऱ्यांत आपल्यासारख्या ज्ञातींचीही माणसे असत. बोले यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना एकदा विचारावे : आपल्या गावची विहीर सर्वांना केव्हा खुली झाली? आपण त्या वेळी कोणत्या बाजूस उभे होतो? उत्तर अभिमानास्पद असेल तर ते लिहून ठेवावे. तसे नसेल, तरीही लिहून ठेवावे.

आज ज्ञातीतील अनेक तरुण ग्रामपंचायती, पंचायत समित्या व नगरपालिका यांतून काम करीत आहेत. बोले यांच्या चरित्रातून त्यांनी तीन गोष्टी घ्याव्यात. मागणी अशा शब्दांत मांडावी की, प्रामाणिक विरोधकालाही ती नाकारता येऊ नये. ठराव संमत झाल्यावर काम संपले असे न मानता ते आता सुरू झाले असे मानावे. आणि सार्वजनिक पैशाचा प्रत्येक आणा शेवटच्या घरापर्यंत पोहोचला की नाही, याचा हिशेब मागत राहावे. रस्त्याला दिलेले नाव पाटीवर राहते. विहिरीला दिलेला न्याय पाण्याबरोबर प्रत्येक घरात जातो. पुढच्या वेळी दादरच्या त्या पाटीखालून जाताना सोबतच्या मुलाने प्रश्न विचारलाच, तर त्याला एवढे अवश्य सांगावे : 'बाळा, सगळ्यांच्या पैशाने बांधलेली विहीर सगळ्यांची असते, हे यांनी भर सभेत सांगितले, आणि एकदा सांगून भागले नाही, तेव्हा पुन्हा उभे राहून सांगितले.'