आठवणी सांगणारी माणसे

आपल्या मंडळाची स्मरणिका निघणार, तेव्हा तुम्हीही काही लिहा, असे चिटणीसबाईंनी मला तीनदा सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाण्याचा हिशेब आणि दिवाळीची पत्रे यापलीकडे माझी लेखणी कधी गेलेली नाही. पण गेल्या कार्तिकात माझी मावशी वारली. त्यानंतर जे ऐकले, जे वाचले, ते सांगावेसे वाटते. लिहिण्यात कमीजास्त झाले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

तेराव्याची जेवणे उरकली आणि आम्ही माजघरात टेकलो. रडणे संपलेले होते. कोणीतरी मावशीच्या कुरडयांचा विषय काढला आणि मग एकेक जण बोलू लागली. जाऊबाईंनी तिचा राग सांगितला, दूधवाल्याच्या बायकोने तिचा हिशेबीपणा सांगितला. तिने आयुष्यात कधी कोणाचे चार आणे बुडवले नाहीत आणि स्वतःचे सोडलेही नाहीत! आम्ही हसलो, आणि हसल्याबद्दल एकमेकींकडे चोरून पाहिले. एवढ्यात शेजारच्या काकू माझ्या धाकटीकडे बघून म्हणाल्या, "ही डावखुरी आहे होय? हिची आजीही डावखुरीच. विळीवर उलटी बसायची."

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. माझी मुलगी डाव्या हाताने लिहू लागली तेव्हा ही कोणावर गेली म्हणून दोन्ही घरी शोध झाला होता आणि कोणालाच सांगता आले नव्हते. मावशीला ठाऊक असणारच. मी चाळीस वर्षे तिच्याकडे जात होते, लोणची घालत होते, पापड लाटत होते. आईविषयी मात्र मी कधी विचारले नाही. तिला वाईट वाटेल म्हणून मी विचारले नाही, आणि मला वाईट वाटेल म्हणून तिने सांगितले नसावे.

त्या रात्रीपासून माझ्या मनाने घेतले, की गेलेल्या माणसाविषयी मागच्यांनी सांगितलेले कोठे लिहून ठेवलेले असते का, ते पाहावे. मंडळाच्या कपाटातून पहिले पुस्तक काढले ते रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. यातही थोडा स्वार्थ होता. रमाबाईंचा जन्म 1862 सालचा, देवराष्ट्रे गावचा. हे गाव पूर्वी सातारा जिल्ह्यात होते, आता सांगली जिल्ह्यात आहे. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगावही तेच. माझ्या आईचे आणि मावशीचे माहेर त्याच बाजूचे. दूरचित्रवाणीवर 2012 साली 'उंच माझा झोका' ही मालिका लागत असे तेव्हा मावशी रमाबाईंविषयी अशी बोले, की जणू तिच्याच आळीतली मुलगी पुण्याला दिली आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 16 जानेवारी 1901 रोजी मुंबईस वारले. त्यांची विद्वत्ता, न्यायाधीशाचे काम, प्रार्थना समाज, सामाजिक परिषद यांविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. ते वाचण्याची माझी योग्यता नाही. रमाबाईंनी पुढच्याच वर्षी, 1902 साली, त्यांची धर्मपर व्याख्याने छापून काढली. स्वतःच्या आठवणींचे पुस्तक यायला मात्र 1910 साल उजाडले. नऊ वर्षे गेली. काय काय आठवले असेल, किती पुसले आणि किती ठेवले असेल! पुस्तकाला प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची आहे. गोखले रानड्यांना गुरू मानत.

लग्न झाले तेव्हा 1873 साल चालू होते. रमाबाई अकरा वर्षांच्या, रानडे एकतीस वर्षांचे. पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती, आणि विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या गृहस्थांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून लहान मुलीशी लग्न केले. लोकांनी नावे ठेवली. रमाबाईंना तेव्हा अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी स्वतः शिकवायला सुरुवात केली, आणि घरातील वडील बायकांची बोलणीही तेव्हापासूनच सुरू झाली.

मुलींसाठी पुण्यात मोठी शाळा निघावी म्हणून गव्हर्नरसाहेबांपुढे सभा झाली. तीत रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचले. ती शाळा म्हणजे 29 सप्टेंबर 1884 रोजी सुरू झालेली हुजूरपागा. सभेत टाळ्या झाल्या आणि घरी आल्यावर टोमणे बसले. ज्या बाईने साहेबापुढे इंग्रजी वाचले तिला माजघरात मान खाली घालून उभे राहावे लागले. एकत्र कुटुंबात नांदलेल्या कोणत्याही बाईला हे समजावून सांगायला नको. चरित्र लिहिणारा पुरुष सभेचा वृत्तान्त देईल. घरी परतल्यावरची गोष्ट ज्या बाईवर बेतली तिनेच सांगायची.

आंब्याची गोष्ट तर तुम्हां सर्वांना माहीत असेल. उत्तम आंबा चिरून रमाबाईंनी पुढे ठेवला. रानड्यांनी थोड्या फोडी खाल्ल्या आणि बाकीच्या ठेवल्या. आंबा चांगला नाही का, असे रमाबाईंनी विचारले. आंबा चांगला होता म्हणूनच ते थांबले होते. जिभेला सवय लागू द्यायची नाही हा त्यांचा नेम. मला मात्र ही गोष्ट वाचताना नेमापेक्षा रमाबाईंची बशी दिसते. आपण निवडून आणलेला, हाताने चिरलेला आंबा समोर तसाच राहिला, तेव्हा त्यांना काय वाटले असेल?

पुस्तकात त्या यजमानांचे नाव घेत नाहीत. पुष्कळ ठिकाणी 'स्वतः' असा शब्द वापरतात. स्वतः आले, स्वतः म्हणाले. पहिल्या दिवशी मला कळेचना, की कोण आले! मग उलगडले आणि हसू आले. माझ्या सासूबाई मामंजींना 'घरातले' म्हणत, त्यातलाच हा प्रकार.

रमाबाईंनी न पटलेल्या गोष्टीही झाकल्या नाहीत. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये 1890 साली जे चहाचे प्रकरण झाले, त्यात रानडेही होते. पुढे 1892 साली त्यांनी मंडळींसाठी प्रायश्चित्त घेतले. ते रमाबाईंना रुचले नव्हते, आणि तसे त्यांनी लिहून ठेवले आहे. पतीवर इतकी भक्ती असलेली बाई हे लिहिते, म्हणून बाकीचेही खरे वाटते.

दुसरे पुस्तक वाचले ते लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. ते 9 मे 1919 रोजी वारले. त्यांचे चरित्र लिहावे म्हणून त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी आईला आठवणी लिहायला सांगितले. मागितल्या आठवणी वडिलांच्या. आईने लिहिल्या तेव्हा त्यांत तीही आली, तिचे माहेरही आले. मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घ्यायला लावणारे तिचे सोवळे वडील आले. बरे झाले! लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. जोडाक्षरे त्यांना फार छळत, हे त्यांनीच लिहिले आहे. ते वाचून मला इतका धीर आला म्हणून सांगू!

टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. सुमारे पाच वर्षे नवराबायको वेगळी राहिली. मग त्या परत नवऱ्याकडे गेल्या आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सारे त्या अशा सांगतात, की डोळ्यांत पाणी असताना हसू फुटते. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, डोक्यात एक आले की संसाराचे भान राहत नसे. ते सगळे रागासकट लिहिले आहे. नवऱ्याला देव केलेला नाही, म्हणून तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. पहिला भाग 1934 साली निघाला. 1936 साली लक्ष्मीबाई वारल्या आणि राहिलेला शेवटचा भाग मुलाने पुरा केला. ज्याने आईला लिहायला बसवले त्यालाच आईची अखेर लिहावी लागली.

आता लोकमान्यांविषयी. ते 1 ऑगस्ट 1920 रोजी गेले. त्यानंतर सदाशिव विनायक बापट यांनी त्यांच्या आठवणी आणि आख्यायिका गोळा करून तीन खंडांत छापल्या. पहिला 1924 साली, तिसरा 1928 साली. स्नेही, सहकारी, ओळखीची माणसे, ज्याला जे आठवले ते त्याने सांगितले. आमच्या यजमानांनी ते खंड वाचनालयातून आणून दिले. मला त्यात सर्वांत आवडला तो स्वयंपाकी. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांचे जेवण करायला कुलकर्णी नावाचा एक कैदीच दिला होता. मधुमेहामुळे ते सातूच्या पिठाच्या पुऱ्या खात. ते पाखरांना दाणे टाकत आणि पाखरे निर्धास्तपणे त्यांच्या अंगाखांद्यावर येऊन बसत. 'गीतारहस्य' तेथे लिहिले गेले हे साऱ्या जगाला माहीत आहे. पाखरांची हकीगत सांगणारा जवळ होता तो हा स्वयंपाकी!

खंड चाळताना मी एक नाव शोधत होते, सत्यभामाबाईंचे. माहेरच्या त्या तापी, दापोलीकडच्या लाडघरच्या. 1871 साली लग्न झाले. एक्केचाळीस वर्षांचा संसार, आणि त्यात नवऱ्याचे तुरुंगवास, खटले, केसरीचा व्याप. लोकमान्यांना 1908 साली सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस नेले. ते परतले 1914 च्या जूनमध्ये. सत्यभामाबाई त्याआधीच, 7 जून 1912 रोजी गेल्या. तार तुरुंगात पोहोचली. संकटे शांतपणे सोसण्याची सवय असलेल्या त्या माणसाने घरी पत्र लिहून कबूल केले, की या वेळी आपण हललो.

म्हणजे आठवणी गोळा करण्याची वेळ आली तेव्हा सत्यभामाबाईंना जाऊन आठ वर्षे झाली होती. बापटांचा यात काही दोष नाही. स्वयंपाक्याने मंडालेतील दिवस सांगितले. पुण्याच्या घरातील वर्षे जिने पाहिली तिच्यापाशी कोण कधी वही घेऊन बसले? लोकमान्य घरी कशावर चिडत, मुलांचे दुखले खुपले तर काय करीत, मंडालेला नेले त्या रात्री घरात चूल पेटली का, हे त्याच सांगू शकल्या असत्या. या विचाराने मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. मला मावशी आठवली.

दुसऱ्या दिवशी मुलीची एक जुनी वही घेतली, पुढची गणिताची पाने फाडली आणि काकूंकडे गेले. काकूंना आता ऐंशीच्या वर वय आहे. माझ्या जन्माच्या वेळी आई दोन महिने मावशीकडे राहिली होती आणि काकूंनी तिला पाहिली होती. एवढेच मला कळले होते. काकू म्हणाल्या, आधी चहा घे. मग रॉकेलच्या रांगेची गोष्ट झाली, त्यांच्या नणंदेच्या लग्नाची झाली, आणि आईची एकच झाली. डोहाळे लागले तेव्हा तिला भाजलेली चिंच हवी असे, आणि मावशी ओरडेल म्हणून ती काकूंच्या चुलीत घालायला येई. निघताना काकू म्हणाल्या, "अगं, हे तुझ्या मावशीला कधी कळले नाही बरं का!"

वहीची साडेतीन पाने भरली आहेत. पैकी आईचे जेमतेम अर्धे. यजमान म्हणतात, रॉकेलची रांग कशाला लिहिलीस? पण काकू ज्या क्रमाने सांगतात त्याच क्रमाने मी लिहिते. मध्येच थांबवले तर पुढचे हरवते, असा अनुभव आहे. येत्या मंगळवारी पुन्हा जायचे आहे. काकूंच्या चष्म्याची दांडी मोडली आहे, ती दुरुस्त करून आणायला त्यांनी मला दिली आहे.